मुठीचं लाकूड

लाकूड कोरायचा छोटा चाकू अकोल्याच्या बाजारात मागितला की दुकानदार आधी भाजीचा चाकू दाखवतो, मग कागद कापायचं ब्लेड, आणि शेवटी विचारतो, "पन तुम्हाले नेमकं करायचं काय हाय?" त्याचं काही चुकत नाही. ही वस्तू आपल्याकडे दुकानात विकायची पद्धतच नव्हती. ती करून घ्यायची वस्तू होती. पातं लोहाराकडून, मूठ सुताराकडून (किंवा घरीच, बांधावरच्या बाभळीची), आणि दोघांचाही हिशेब सुगीला, खळ्यावर, ज्वारीच्या रूपात. बलुतं म्हणजे एक प्रकारचं वार्षिक मेंटेनन्स काँट्रॅक्टच होतं. वखराची पास पाजवायची, तिफणीचे फण सरळ करायचे, विळ्याला धार काढायची, यात एखादा चाकूही होऊन जायचा. त्याचं वेगळं बिल नसे.

अलीकडे वीकांताला स्वतःचे चाकू बनवणारी बरीच मंडळी दिसतात. त्यात आमच्या क्षेत्रातली जरा जास्तच. पाच दिवस ज्याला हात लावता येत नाही असं काहीतरी बनवलं की सहाव्या दिवशी हाताला लागेल असं काहीतरी हवंसं वाटतं, त्याला काय करणार! बेल्ट ग्राइंडर येतो, जुनी कानस येते, आणि मग मुठीसाठी कुठलं लाकूड चांगलं, कुठलं विषारी, याची यादी शोधली जाते. यादी असते अमेरिकेची किंवा इंग्लंडची. कोकोबोलो, यू, वेंगे वगैरे. मेळघाटाच्या पायथ्याशी, म्हणजे हिंदुस्थानातल्या उत्तम लाकडाच्या शेजारी राहणाऱ्या माणसानं यू नावाच्या झाडाला घाबरून राहायचं, आणि दारातल्या कण्हेरीचं काय ते त्याला ठाऊकच नाही, ही मला मोठी गंमत वाटते. म्हणून वऱ्हाडापुरता हा विषय जरा मुळापासून बघूया म्हटलं.

आधी लोखंड. अकबरानं १५९६ च्या सुमारास वऱ्हाड जिंकलं आणि त्याचा सुभा केला. अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत या सुभ्याचं वर्णन आहे, आणि त्यात इंदूर आणि निर्मळ इथे पोलादाच्या खाणी असल्याची नोंद आहे. हे इंदूर माळव्यातलं नव्हे. हे आजचं निजामाबाद, आणि निर्मळ तिथून जवळच. दोन्ही आता तेलंगणात. पण तेव्हाच्या कारकुनी हिशेबात ते वऱ्हाड सुभ्याचा भाग होते. पुढे त्याच पट्ट्यातल्या कोनासमुद्रम गावी १८२० मध्ये हेन्री व्हॉयसी नावाचा इंग्रज गेला. हा सर्वेक्षण खात्यातला डॉक्टर आणि भूगर्भशास्त्रज्ञ. तिथे मुशीत पोलाद कसं करतात ते त्यानं लिहून ठेवलं, आणि ते घ्यायला थेट इराणातून आलेला व्यापारी तिथे बसलेला त्यानं पाहिला. दमास्कसच्या म्हणून जगभर मिरवलेल्या तलवारींना असलंच दख्खनी पोलाद लागायचं. गंमत अशी की निर्मळची आजची ओळख वेगळीच आहे: पोणिकी नावाच्या अगदी मऊ, हलक्या लाकडातून कोरलेली खेळणी. म्हणजे पोलाद आणि कोरायचं लाकूड एकाच गावच्या नावावर! यातून कुणी निर्मळचे लाकूडकाम करणारे दमास्कस पोलादाचे चाकू वापरत असा निष्कर्ष काढेल तर काढू नये. ते पोलाद महाग, आणि ते निघालं परदेशी.

खेड्यातल्या लोहाराला मिळायचं ते साधं लोखंड. १८६७ मध्ये मुंबईहून अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे पोचली. इथून कापूस गेला, आणि उलट दिशेनं स्वस्त विलायती लोखंड आलं. त्याच्यापुढे देशी भट्ट्या टिकणं शक्य नव्हतं. पण लोहाराच्या दृष्टीनं एक फायदाही झाला, तो म्हणजे भंगार. आधी गाड्यांचे आणि यंत्रांचे भाग, मग एसटीच्या आणि ट्रकच्या कमानी, बेअरिंगा, कानशी. रस्त्याकडेला पाल टाकून बसणाऱ्या घिसाड्यांची तर सगळी कला भंगार ओळखण्यात आहे. कुठला तुकडा पाणी धरेल आणि कुठला नाही, हे ते नुसतं आपटून, आवाजावरून सांगतात. आपण ज्याला कार्बनचं प्रमाण म्हणतो ते त्यांच्या कानात असतं.

अकोला-अमरावती म्हटलं की जिनिंग आलंच. तिथल्या रोलर जिनमध्ये चामड्याच्या रोलरला टेकून एक लांब पातं बसवलेलं असतं. सरकी मागे राहते ती त्या पात्यामुळे. अमेरिकेत १८४० मध्ये फोन्स मॅकार्थीनं काढलेली ही युक्ती, आणि आजही आपल्याकडचं बरंचसं जिनिंग त्याच कुळातल्या यंत्रांवर चालतं. म्हणजे वऱ्हाडाची सगळी श्रीमंती एका अर्थी चाकूच्या पात्यावरून गेली. तरी भंगारात असलं पातं मिळालं म्हणून त्याचा चाकू करू नका. ते नेमकं कुठल्या पोलादाचं आहे ते कळल्याशिवाय उष्णता देणं म्हणजे डॉक्युमेंटेशन नसलेल्या कोडला हात घालणं.

चाकू करायचे मला दोन रस्ते समजतात. पहिला सोपा आणि भट्टीशिवायचा: कारखान्यात लोखंड कापणाऱ्या पॉवर हॅकसॉचं तुटलेलं हायस्पीड पोलादाचं पातं. ते मुळातच कडक असतं, ग्राइंडरवर थोडं तापलं तरी उतरत नाही. त्याला फक्त आकार द्यायचा, धार काढायची आणि मूठ बसवायची. ते ठिसूळ असतं, म्हणून मोडताना चष्मा हवाच. मोडताना ते जुन्या फडक्यात गुंडाळून पकडीत धरावं.

दुसरा रस्ता जुन्या कानशीचा. चांगल्या कानशीत एक टक्क्याच्या वर कार्बन असतो. स्वस्त कानशी वरून नुसत्या कडक केलेल्या असतात, आतून मऊ. ओळखायचं कसं? टोकाचा तुकडा मोडून बघायचा. चांगल्या कानशीचा भेग सगळीकडे सारखा, बारीक राखाडी दाण्याचा दिसतो. मग ती लालभडक करून राखेत पुरायची आणि रात्रभर निवू द्यायची, की सकाळी साध्या कानशीनं घासता येते. कोरायच्या चाकूचं पातं दोन-अडीच इंच पुरे, आणि दोन्ही बाजूंचा उतार मिळून वीस-पंचवीस अंश. आकार झाला की पाणी द्यायचं. 'पाणी देणे' हा आपला शब्द किती नेमका आहे बघा, पण इथे पाणी नको, तेल हवं. वखराच्या पासेला पाणी चालतं कारण तिचं लोखंड जाड आणि सौम्य असतं. कानशीचं पातळ पातं पाण्यात बुडवलं की टणकन तडकतं. लोहचुंबक चिकटायचं थांबतं (साधारण ७७० अंश सेल्सियस) त्याच्या किंचित वर गेलं की कोमट तिळाच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलात सरळ उभं बुडवायचं. तेल पेट घेतं. डब्याचं घट्ट झाकण हाताशी हवं, पाण्याची बादली नको. पेटत्या तेलावर पाणी म्हणजे भडका. गाडीचं जळकं ऑइल वापरू नये, त्याचा धूर छातीसाठी वाईट. आणि जस्ताचा मुलामा असलेलं काहीही भट्टीत घालू नये, त्या धुरानं ताप भरतो.

अकोट रस्त्यावरच्या एका लोहारकाकांना मी असलं पातं दाखवलं तेव्हा त्यांनी ते नखावर घासून पाहिलं आणि म्हणाले, "पानी जास्त चढलं भाऊ. आता हे टिचते. थोडं उतरव त्याले." धातुशास्त्राच्या पुस्तकात टेम्परिंगचा अख्खा धडा असतो, तो या तीन वाक्यांत आहे. घरच्या ओव्हनमध्ये २०० ते २२० अंशाला एक-एक तास दोनदा ठेवलं की पातं गवताच्या काडीसारखं पिवळसर दिसायला लागतं. तेवढं पाणी उतरलं की झालं.

(कायद्याचं विचारणारे असतात, म्हणून. १९६२ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांत धरली होती, आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामाची अवजारं त्यातून वगळली होती. २०१६ च्या नव्या नियमांतही तेच माप राहिलं. आपलं अडीच इंची पातं त्यात कुठेच बसत नाही. तरी यात्रेत किंवा मिरवणुकीत खिशात घालून फिरायची ही चीज नव्हे. पोलिसांचे जमावबंदीचे हुकूम वेगळे असतात.)

आता खरा विषय, मूठ.

कुऱ्हाडीच्या दांड्याला वऱ्हाडात कुठलं लाकूड, असं कुणाही जुन्या माणसाला विचारा. धावडा. दुसरं उत्तर तिवस. गाडीच्या आखाला, वखराला, डवऱ्याला बाभूळ. फण्यांना आणि बारीक कोरीव कामाला हळदू. हे ज्ञान कुठल्या संस्थेनं दिलेलं नाही, पिढ्यान्पिढ्या दांडे मोडून मिळालेलं आहे. धावड्याचे तंतू लांब आणि चिवट. तो दणका खातो, वाकतो आणि परत सरळ होतो. तिवसही तसाच. हळदूचा पोत इतका एकसारखा की पातं कुठल्याही दिशेनं फिरवा, लाकूड उचकत नाही. यातलं प्रत्येक झाड एका यूज केससाठी टेस्ट झालेलं आहे. फक्त टेस्ट होती ती हाताची. हात सोलतो का, दांडा निसटतो का, मोडतो का. श्वासात काय जातं ही टेस्ट कुणी घेतली नव्हती, आणि त्याचं कारण साधं आहे. श्वासात फारसं काही जातच नव्हतं.

वाकसानं तासलं की ढलपा उडतो. पटाशीनं छिललं की चिपाड निघतं, रंध्यानं काढलं की भेंडोळं. चाकूनं कोरलं की पापुद्रा. हे सगळं जमिनीवर पडतं आणि संध्याकाळी चुलीत जातं. धूळ होते ती करवतीनं, थोडी. बेल्ट ग्राइंडर आणि सँडिंग मशीन मात्र फक्त धूळच करतात, आणि तीही इतकी बारीक की ती तासभर हवेत तरंगत राहते, नाकाच्या केसांना न जुमानता आत जाते. म्हणजे लाकूड तेच, झाड तेच, चाकू तोच. बदलली ती प्रोसेस. आणि प्रोसेस बदलली की जुनी टेस्ट लागू राहत नाही, हे आमच्या धंद्यात तरी सगळ्यांना ठाऊक असतं.

इंग्लंडात हे उघडकीला आलं ते हाय विकम नावाच्या गावात. हे खुर्च्यांचं गाव. १९६० च्या दशकात तिथल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर एस्मे हॅडफील्ड यांच्या लक्षात आलं की नाकातला एक अतिशय दुर्मीळ कर्करोग आपल्याकडे फार वेळा दिसतोय, आणि तो ज्यांना होतोय ते बहुतेक फर्निचर कामगार आहेत. अचेसन, हॅडफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध १९६८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. ओक आणि बीच यांसारख्या कठीण लाकडाच्या धुळीत वर्षानुवर्षं काम केलेली ही माणसं होती. १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग करते असं सिद्ध झालेल्या पदार्थांत. तंबाखूचा धूर ज्या गटात आहे त्याच गटात. एक गोष्ट नीट समजून घ्यावी: हा गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. महिन्यातून एक मूठ घासणाऱ्याला यातून घाबरून जायचं कारण नाही.

पण गल्लीतल्या सुताराला आहे. अकोला, अमरावती, परतवाडा, कुठेही बघा. दहा बाय बाराचं दुकान, शटर अर्धं खाली, आत सँडिंग मशीन, आणि तोंडाला गमछा. गमछ्यातून बारीक धूळ आरपार जाते. हा माणूस दिवसाला आठ-दहा तास, वर्षाला तीनशे दिवस सागवान आणि शिसम घासतो, आणि शिवाय एमडीएफ, ज्यात लाकडाबरोबर फॉर्मल्डिहाइडचा डिंकही असतो. वऱ्हाडाला धुळीचा आजार नवा नाही. कापसाच्या धुळीनं गिरणी कामगाराची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळल्यासारखी होते, त्याला बिसिनोसिस म्हणतात, आणि १९४८ च्या कारखाने कायद्याच्या यादीत तो कळवायचा आजार म्हणून होता. पण तो कायदा वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा माणसं असली तर लागू व्हायचा. सुताराच्या दुकानात असतात दोन. तो कुणाच्याच यादीत नव्हता. तीनशे रुपयांत दहा एन-९५ मास्क येतात. २०२० नंतर ते कसे लावायचे हे आता सगळ्यांना माहीत आहे, तेवढं तरी आपल्या सुताराला नेऊन द्यावं.

धूळ आणि कर्करोग हा लांबचा हिशेब झाला. जवळचा हिशेब कातडीचा आणि दम्याचा, आणि तो लाकडागणिक वेगळा. आता आपली यादी.

बिब्बा सगळ्यात वर. आपल्या भाषेतच 'बिब्बा घालणे' म्हणजे चांगल्या कामात खोडा घालणे, यावरून काय ते समजावं. धोबी कपड्यांवर खूण करायचे ते याच्या फळाच्या रसानं, आणि तो कातडीला लागला की फोड उठतात, बिब्बा उततो. झाड मेळघाटात भरपूर. त्याची मूठ कुणी करत नाही, जळणालाही लोक टाळतात. आंबा त्याच कुळातला, चीक तसाच पण सौम्य. वाळलेल्या आंब्याच्या लाकडानं बहुतेकांना काही होत नाही, काहींना खाज येते. कण्हेर आणि पिवळी कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी, हृदयावर परिणाम करणाऱ्या. कोवळी फांदी सरळ असते, छान सोलते, म्हणून मुलं नेमकी तीच उचलतात. त्यांच्या हाती चाकू देण्याआधी हे झाड दाखवून ठेवावं. शेर आणि निवडुंगाचा चीक डोळ्यात गेला तर कायमचं नुकसान होऊ शकतं.

शिसम दिसायला राजा. सुऱ्यांना, बंदुकींना, पेट्यांना शिसमच लावायचे. पण या कुळातल्या लाकडांत अशी द्रव्यं असतात की शरीर त्यांची ओळख लक्षात ठेवतं. पहिल्या दहा वेळी काहीच होत नाही, अकराव्या वेळी हातावर पुरळ, आणि मग आयुष्यभर. सागातही असंच एक द्रव्य आहे, आणि वाळवी सागाला लागत नाही त्यात त्याच्यासारख्या द्रव्यांचाच वाटा आहे. जे वाळवीला नको ते आपल्या फुप्फुसाला तरी का हवं! बिजा (बिबळा) पाण्यात ठेवला की पाणी उजेडात निळसर चमकतं. त्याचे पेले मधुमेहाचं औषध म्हणून विकतात. मुठीला तो चांगला, पण घामानं रंग सोडतो.

बाभूळ, बोर, चिंच, धावडा, तिवस, हळदू यांच्या मुठी माझ्या मते निर्धोक, धूळ सोडून. वाळलेलं लाकूड, शक्यतो चाकूनं आणि कानशीनं आकार द्यावा, आणि शेवटचा हात पाणी लावून ओल्या पॉलिशपेपरनं द्यावा. ओली धूळ उडत नाही. जुन्या वाड्याचं सागवान मिळालं तर त्यावरचा जुना तैलरंग आधी बघा. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून आली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, आणि ते घासायचं नसतं. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर तर नकोच, त्यांना क्रिओसोट पाजलेलं असतं.

आता लाकूड आणायचं कुठून? जंगलातून नाही. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, आणि पुढच्या वीसेक वर्षांत मेळघाटचं जंगल राखीव व्हायला लागलं. साग सरकारचा झाला. कुऱ्हाडीचा दांडा तोडणं हा जो रोजचा व्यवहार होता त्याला परवाना लागू लागला. आजही महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत साग, तिवस, हळदू, बिजा, खैर, चंदन आहेत, म्हणजे स्वतःच्या शेतातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. मला हा कायदा चुकीचा वाटत नाही. मात्र ज्यांच्याकडून हे सगळं ज्ञान आलं त्यांच्या हातून लाकूड आधी गेलं, हे विसरू नये.

कारण वऱ्हाडात लाकूड कोरण्याची सगळ्यात मोठी परंपरा कोरकूंची आहे. वाड्यांचे खांब आहेत, कारंजा लाडच्या काष्ठासंघ जैन मंदिरातलं लाकडी नक्षीकाम आहे (कारंजा आज वाशिम जिल्ह्यात, १९९८ पर्यंत अकोल्यात), तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी आहेत. पण कोरकूंचा मुंडा ही वेगळी गोष्ट आहे. माणूस गेल्यावर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, सिडोली नावाचा विधी करून त्याला पूर्वजांत मिळवतात, आणि त्याच्या नावानं सागाचा कोरीव फळा उभा करतात. वर सूर्य-चंद्र, खाली घोडेस्वार, नाचणारी माणसं. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात सिडोलीचं वर्णन आहे, आणि असे फळे आता संग्रहालयांतही दिसतात. तिथे काचेमागचा मुंडा बघताना मी नक्षीपेक्षा हत्याराच्या खुणा बघतो. उथळ, रुंद, एका दमात मारलेले घाव. घासून गुळगुळीत केलेलं काही नाही. तासलेल्या सागावर हत्याराचा प्रत्येक फटका तसाच राहिलेला असतो. उघड्यावर, पावसात उभी राहायची वस्तू, तिला पॉलिशपेपरची गरजच काय.

२००० नंतर व्याघ्र प्रकल्पासाठी कोहा, कुंड, बोरी ही कोरकू गावं मेळघाटातून उठवून अकोल्याच्या अकोट तालुक्यात वसवली. घरं, बैल, भांडी सपाटीवर आली. पूर्वजांची जागा कशी उठवणार? आणि नव्या जागी सिडोली करायची तर फळ्याला सागाचा ओंडका कुठून आणायचा? आपल्याला मुठीपुरता वीतभर तुकडा मिळत नाही म्हणून आपण कुरकुरतो, त्यापेक्षा हा प्रश्न फार मोठा आहे आणि वाघ विरुद्ध माणूस अशा दोन ओळींत तो सुटत नाही. असो.

आपल्यासाठी मात्र एक झाड फुकट आहे, आणि ते तोडल्याबद्दल कुणी रागावणार नाही: वेडी बाभूळ. हे मूळचं अमेरिकेतलं, एकोणिसाव्या शतकात मुद्दाम आणलेलं आणि आता पडीक जमिनीवर आणि नाल्याकाठी माजलेलं. १९६४ च्या यादीत ते नाही. टेक्सासमध्ये त्याच्या सख्ख्या भावंडाच्या, मेस्कीटच्या, मुठी हौसेनं लावतात, आणि त्याचं कारण आपल्याला फारच उपयोगी आहे: हे लाकूड वाळताना आणि ओलावताना जवळजवळ हलत नाही. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि महिन्या-दीड महिन्यात हवा चिंब होते. इतका फरक फार थोड्या लाकडांना सोसतो. पावसाळ्यात ओल्या लाकडाची मूठ बसवली की वैशाखात ती आकसते, एकतर फुटते किंवा पातं डुगडुगायला लागतं. म्हणून जुनी माणसं दांडे उन्हाळ्यात बसवायची, की पावसात फुगून आणखी घट्ट बसतील. आपणही मूठ एप्रिल-मेमध्येच बसवावी, तुकडा निदान वर्षभर सावलीत वाळलेला असावा. वेड्या बाभळीचे काटे मात्र वाईट. टोचला की ठणकतो आणि सुजतो, तोडताना जाड चामडी हातमोजे हवेत. धूळही नाकाला झोंबते, म्हणून तीही ओलीच घासावी.

शेवटी तेल. वॉर्निश नको, ते घामानं सोलतं. विदर्भात पिकणारं जवसाचं घाणीचं तेल यासाठी अव्वल: पातळ हात, अर्ध्या तासानं पुसायचं, आठवडाभर रोज एकदा. ते हवेत वाळून लाकडात घट्ट होतं. पण वाळताना ते स्वतः तापतं. तेल पुसलेलं सुती फडकं चुरगाळून कोपऱ्यात फेकलं तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि ते आपोआप पेटू शकतं, काडी न लावता. मे महिन्यातल्या अकोल्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, तर फार लवकर. फडकं दोरीवर एकेरी पसरून वाळत घालायचं, किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवायचं.